आत एक, बाहेर एक

दोंडाईच्याच्या भंगारात ती पालथी पडली होती,
मिरचीच्या पथारीला लागून,
पाठीवर लाल धूळ.
कुठल्याशा खात्याची पूर-बचावाची नाव,
अल्युमिनियमची, बारा फुटी,
कुशीवर पुसट आकडा : ७.
बाकीच्या सहा कुठे गेल्या ते भंगारवाल्याला ठाऊक नव्हतं.
किलोच्या भावानं घेतली.
सारंगखेड्यापर्यंत टेम्पोत शिंकत आलो,
मी आणि ड्रायव्हर.

पोरं म्हणाली, ताट आणलं.
उखर्डूबाबानं बोटाच्या पेरानं वाजवून पाहिलं,
बराच वेळ ऐकत राहिला, आणि म्हणाला,
'मासा काय बहिरा शे का?'

गळती शोधायची तर नाव पाण्यात टाकायची नसते,
पाणी नावेत टाकायचं.
एवढं एक मी सुरतेहून शिकून आलो,
टाक्यांच्या कारखान्यातली सहा वर्षं देऊन.
विटांच्या थरांवर नाव ठेवली, मोटारीचा पाइप सोडला,
आणि खडू घेऊन तिच्याखाली उताणा झोपलो.
आधी काहीच नाही.
मग एका रिबिटाच्या कडेला
थेंब जमला, फुगला, विचार केल्यासारखा थांबला
आणि माझ्या भुवईवर पडला.
खडूनं गोल.
वर तापी, खाली मी,
मधे दीड मिलिमीटर पत्रा.
दुपारपर्यंत एकतीस गोल.

जुना रिबीट छिन्नीनं उडवायचा,
भोकात नवा घालायचा,
बाहेरून हातोडा,
आतून कुणीतरी लोखंडी ठोकळा दाबून धरायचा.
बायको बसली धरायला.
तिसऱ्या घावाला मनगट झटकत उठली.
'मला बाजार आहे,' म्हणाली, 'पाटीतला बर्फ वितळतोय.
या घराला हातांची आणखी एक जोडी आहे,
बोलवा की.'

आणखी एक जोडी म्हणजे सुपडू,
माझा मोठा भाऊ.
सोसायटीचा ठेका, डोहाची वाटणी,
कुणी कुणाच्या जाळ्यावर जाळं टाकलं ते,
चार आखाज्या उलटल्या, बोललो नव्हतो.
पुतण्याकडून निरोप धाडला :
ठोकळा धराले माणूस जोयजे.
'माणूस' म्हटलं, 'भाऊ' नाही.

तो आला. नाव कुशीवर कलंडलेली,
चपला काढून आत शिरला, मला दिसेनासा झाला.
पत्र्यापलीकडून आवाज आला :
हं.
मी तीन घाव घातले.
थांबलो.
ठोकळा सरकला.
हं.

नवव्या रिबिटाला मी 'हं'च्या आधीच मारलं.
ठोकळा निसटला, त्याचं बोट चेंगरलं.
आतून आईवरून शिवी आली,
आई दोघांची एकच,
म्हणून पुढे काय बोलावं ते
त्यालाही सुचलं नाही, मलाही.
गावभर घणघणत होतं. उखर्डूबाबा उठून लांब जाऊन बसला.

दिवेलागणीला एकतिसावा बसला.
हात धुवून तो गेला. चहाही नाही.

नंतरचं काम एकट्याचं.
ठिबकची जुनी नळी उभी चिरली,
काठावर दाबून बसवली, जाळं ओढताना तळवा कापू नये म्हणून.
बाभळीची फळी आडवी, तिच्याखाली
बर्फाच्या खोक्यांचं थर्माकोल.
तळाला गोणपाट चिकटवलं दोन थर,
मग उखर्डूबाबाला पुन्हा वाजवायला लावलं.
धप्प, एवढंच.
तो 'बरं' म्हणाला नाही, पण निघूनही गेला नाही.
७ तसाच राहू दिला.

कार्तिकातल्या एका सकाळी, बंधारा तुडुंब,
नाव ढकलली.
सुपडू काठावर होता, बोटाला चिंधी,
जणू दुसऱ्याच कामानं आलेला.
दोन वल्ही मारली असतील, मी पायाखाली पाहिलं :
गोणपाटावर, फळीच्या सावलीत,
रुपयाएवढं ओलं.
खडूतून सुटलेला बत्तिसावा.

मी काही बोललो नाही. त्यानं माझी मान वाकलेली पाहिली असावी.
निघाला, चार पावलं गेला, वळला,
'नावमा एक डबडं ठेवजो,' म्हणाला.

मी म्हणालो,
हं.